साडेचार मीटर

संग्राम इंगवले निर्दोष सुटला तेव्हा त्याची थोरली बहीण शर्मिष्ठा साक्षी केंद्राच्या शेवटच्या बाकावर बसली होती. भाऊ सुटल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी तिला राग येत होता, आणि कशाचा ते अजून नीट कळत नव्हतं. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि साक्षीने आपल्या मधाळ आवाजात निकाल वाचून दाखवला.

"वाहनाचा वेग ताशी एकोणपन्नास पूर्णांक सात किलोमीटर. रस्त्याची मर्यादा पन्नास. ब्रेक लागला तेव्हा पादचारी पंधरा मीटरवर. या वेगाचे वाहन चौदा मीटरांत थांबते. तरीही धडक झाली. निष्कर्ष, पादचारी वाहनाच्या दिशेने धावला. चालक निर्दोष."

एवढ्यात संपलं. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. संग्रामच्या दोस्तांनी त्याची पाठ थोपटली. तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक बाई उठली. ती नंदा सुतार, जो माणूस मेला त्या बाळासो सुतारांची बायको.

"धावले म्हंजे?" तिने विचारलं. "सायकलीला खिडकीची चौकट बांधलेली हुती. सायकल हातात धरून चालत निघालेले. ते जीपकडं धावतील कशाला?"

केंद्राचे अधिकारी पाठारे तरुण आणि सभ्य होते. आवाज न चढवता म्हणाले, "का धावले, ते साक्षी सांगत नाही, बाई. धावले एवढंच सांगते."

का धावले ते मग वस्तीने ठरवलं. बाळासो सुतार जीव द्यायला धावला, घरात काहीतरी असणार, बायकोचंच काहीतरी असणार. संध्याकाळपर्यंत सुतारांच्या दारातली भेटायला येणारी माणसं कमी झाली आणि बघायला येणारी वाढली.

साक्षी म्हणजे काही बाई नव्हे, वीतभर लांबीची सीलबंद पेटी. सहा वर्षांपूर्वी कायदा झाला आणि ती प्रत्येक गाडीत बसली. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा मिनिटाला किती वेळा फिरतो ते ही पेटी मोजते, त्यावरून वेग काढते, मर्यादा ओलांडली की दंड कापते. ब्रेक दाबला की समोरचं अंतर ध्वनिलहरींनी एकदा टिपून ठेवते आणि अपघात झाला की चूक कुणाची ते सांगते. साक्षीपुढे माणसाने केलेली आकडेमोड चालत नाही. माणसाने लावलेली टेपही चालत नाही. कारण माणूस चुकतो आणि माणूस पैसे खातो. दुसरं खरंच होतं, म्हणून पहिल्याबद्दल कुणी वाद घातला नाही. दोनच फटी कायद्याने ठेवल्या. गाडीच्या मालकाला एकदा फेरमोजणी मागता येते, आणि चालकाला आपला जबाब बदलता येतो. आता सुटलेला माणूस कशाला जबाब बदलतोय?

शर्मिष्ठा कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवायची. इंजिनाचे फेरे, गिअरचं गुणोत्तर, चाकाचा घेर, थांबायचं अंतर, हे सगळं मुलांकडून हाताने करून घ्यायची. साक्षी आली आणि वरून पत्र आलं की आता या विषयाची गरज उरलेली नाही. तेव्हा तिने प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा आपटला. प्राचार्यांच्या चहाची बशी त्यात फुटली, आणि त्याचं तिला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. तिचा स्वभावच तसा. गणित चुकलेलं चाले, गणित न करता मान डोलावणारा माणूस दिसला की तिचं डोकं सणकायचं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दळण आणायला म्हणून ती जीपमध्ये चढली आणि चढता चढता थांबली. जीप डिझेलवर चालणारी, जुनी, वडिलांच्या मागे तिच्या नावावर झालेली. चालवायचा मात्र संग्राम, फाउंड्रीतली ओतकामं पोचवायला. गेलं वर्षभर त्या जीपमध्ये चढायचं म्हणजे दांडी धरून अंग वर ओढून घ्यावं लागायचं आणि प्रत्येक वेळी गुडघा कुरकुरायचा. आज पाय आपोआप पायरीवर पडला.

ती खाली उतरली आणि चाकांकडे बघत उभी राहिली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कंपनीच्या मापाची चाकं होती ती. कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा. असा पट्टा अख्ख्या उद्यमनगरात ओळखीचा होता. ही 'पासिंगची चाकं'. गॅरेजवाल्यांकडे अशा दोन-चार जोड्या असतातच. एरवी सगळे आपापल्या गाड्यांना मोठी चाकं लावून फिरणार, आणि तपासणीचा दिवस आला की गॅरेजमधून पासिंगची चाकं भाड्याने आणून बसवणार. तपासणी झाली की ती पुढच्या गाडीला. यात काही चोरी आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं. लग्नात शेजाऱ्याच्या सतरंज्या आणाव्यात इतकं ते सरळ झालं होतं. संग्रामनेही केंद्रात जीप हजर करायच्या आधी तेच केलं होतं, आणि मग पेढे वाटण्याच्या गडबडीत चाकं परत करायची राहून गेली होती.

मोठी चाकं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सापडली. शर्मिष्ठाने शिवणाची टेप आणली आणि दोन्ही चाकं मोजली. गणित करायला तिला कागद लागला नाही.

निकालाच्या कागदावर इंजिनाचे मिनिटाला चोवीसशे फेरे. तिसरा गिअर आणि मागचा आस मिळून फेरे सहापट कमी करतात, म्हणजे चाक मिनिटाला चारशे वेळा फिरलं. चाक एकदा फिरलं की गाडी चाकाच्या घेराइतकी पुढे जाते. कंपनीचं चाक सहासष्ट सेंटिमीटर उंच, त्याचा घेर दोन मीटर आणि वर सात सेंटिमीटर. चारशे फेऱ्यांचे आठशे अठ्ठावीस मीटर. तासाला एकोणपन्नास पूर्णांक सात किलोमीटर. साक्षीचा आकडा अगदी बरोबर होता.

फक्त ते चाक त्या दिवशी जीपला नव्हतं. होतं ते दहा सेंटिमीटरने उंच. तितक्याच फेऱ्यांत ते जास्त रस्ता कापतं, आणि पेटीला फक्त फेरे दिसतात, रस्ता दिसत नाही. खरा वेग सत्तावन्नच्या वर गेला होता. मोठं चाक लावायचं कारणही तेच. काटा पन्नासच्या आत, दंड नाही, आणि गाडी मात्र पळते.

पन्नास आणि सत्तावन्न, यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण ब्रेक मारल्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते ते वेगावर नाही, वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट. इथे वेग सातव्या हिश्श्याने वाढला आणि थांबायचं अंतर तिसऱ्या हिश्श्याने. चौदा मीटरचे साडेअठरा झाले. बाळासो सुतार होते पंधरा मीटरवर. खऱ्याखुऱ्या पन्नासने आलेली जीप त्यांच्या हातभर अलीकडे थांबली असती आणि त्यांनी संग्रामला आईवरून एक शिवी देऊन रस्ता ओलांडला असता.

तो माणूस धावला नव्हता. जागचा हललाही नव्हता. पेटीचा हिशोब जुळत नव्हता, म्हणून पेटीने मेलेल्या माणसाला पळवलं होतं.

*

"चाकं कधी बदललीस?" संग्राम जेवायला बसला तेव्हा तिने विचारलं.

त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्याची बायको राजश्री चुलीपाशी होती, तीही थबकली.

"कसली चाकं?"

"मी वर्गात तीस वर्षं काढली, संग्राम. खोटं बोलणारी पोरं मला तोंडावरून कळतात."

"सगळीच लावत्यात की, ताई. एका गाडीला कंपनीचं चाक दाखव बघू गावात. आणि मी काय दारू पिऊन चालवालतो काय? काटा पन्नासच्या आत हुता. मी काट्याकडं बघूनच चालवालतो."

"काट्याकडं बघत होतास. रस्त्याकडं बघायला पाहिजे होतं."

"सात किलोमीटरचा फरक. सात! त्यानं काय हुतंय?"

शर्मिष्ठा उठली. पाण्याचा तांब्या उचलून तिने सोप्याच्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि तिथून मोठ्या ढांगा टाकत अंगणात नळापर्यंत गेली. "एवढं होतंय," ती तिथून म्हणाली. "साडेचार मीटर. तुझं चाक बरोबर असतं तर तू उंबऱ्यापाशी थांबला असतास. तू इथवर आलास. मधे माणूस होता."

राजश्रीने पदराने हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, झालं ते झालं. साक्षीनं सोडलंय न्हवं? आता तुमी कशाला तोंड उघडताय? चाकाच्या गुन्ह्याला सात वर्षं हाईत. तुमचाच भाऊ हाय."

"माझाच आहे म्हणून तर."

"मग त्याला आत घालून तुमाला काय मिळणार?"

"काही नाही," शर्मिष्ठा म्हणाली. "बाळासो सुतार जीव द्यायला धावले असं सगळी वस्ती म्हणतेय, राजश्री. बायकोला कंटाळून. उद्या तिच्या पोरांच्या तोंडावर म्हणतील. तुला कुणी असं म्हटलं तर तू घरात मूग गिळून बसशील?"

राजश्रीने मान फिरवली. संग्राम ताटावरून उठला, हात धुतले आणि पाठमोरा राहूनच म्हणाला, "गाडी तुझ्या नावावर हाय. काय करायचं ते कर. पण मी जबाब बदलणार न्हाई. सांगून ठेवतो."

याच भावाला तिने आईच्या मागे न्हाऊमाखू घातलं होतं. शाळेत मारामारी करून आला की त्याच्या बाजूने मास्तरांशी भांडायला गेली होती. तेव्हाही कधी कधी चूक त्याचीच असायची आणि तिला ते ठाऊक असायचं. आज तिला त्याचाच राग आला. साक्षीचा आला, पाठारेंचा आला, पासिंगची चाकं घरोघर फिरवणाऱ्या अख्ख्या गावाचा आला. आणि नंदा सुतारच्या दारात अजून आपण गेलो नाही म्हणून स्वतःचाही आला.

*

अर्ज दिला तेव्हा पाठारेंनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, फेरमोजणी म्हणजे काय ते माहीत आहे ना तुम्हाला? गाडी त्याच जागी पुन्हा चालवायची. साक्षी पुन्हा आकडा सांगणार. तोच सांगणार."

"मोठी चाकं लावून आणते. चाकाला टेप लावा."

"टेप ग्राह्य नाही."

"रस्त्यावर टायरचा काळा पट्टा आहे अजून. मी मोजून आलेय. धडक बसूनसुद्धा सतरा मीटर आहे. चौदात थांबणाऱ्या गाडीचा पट्टा सतरा मीटर कसा होतो?"

"तुम्ही मोजला ना? मग तोही ग्राह्य नाही." पाठारेंनी पेन खाली ठेवलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुमचं बरोबर असेलही. पण तसं एकदा लिहिलं तर या जिल्ह्यातले सहा वर्षांतले सगळे निकाल उघडावे लागतील. कोण उघडणार? तुमचा भाऊ सुटलाय. तुम्ही पहिल्या अशा भेटताय की..."

"की काय? वेडी?"

पाठारेंनी अर्जावर शिक्का मारला. तारीख दिली.

तिथून ती थेट सुतारांच्या घरी गेली. नंदा दारातच उभी होती, आत बोलावलं नाही. शर्मिष्ठाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाक, घेर, अंतर. नंदाने गणित ऐकून घेतलं पण तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं.

"म्हंजे ते धावले न्हाईत."

"नाहीत."

"हे तुमी मला सांगितलंसा. माझ्या जावंला कोण सांगणार?" आणि मग ती भडकली. "तुमच्या भावानं मारलं, तुमच्या पेटीनं बदनाम केलं, आणि तुमी मला गणित शिकवाय आलाईसा?"

फेरमोजणीची तारीख सांगून ती परत फिरली.

*

फेरमोजणीच्या दिवशी तिने मोठी चाकं स्वतः बसवली. जॅक लावला, पाना पायाने दाबून नट सोडवले, एकेक चाक शेडमधून ढकलत आणलं. संग्राम ओट्यावर बसून बघत होता. मदत केली नाही, अडवलंही नाही. मूळ चालकाने हजर राहायचा नियम होता म्हणून चाकं बसल्यावर तो निमूटपणे शेजारी येऊन बसला.

शिरोलीच्या रस्त्यावर, अपघाताच्या जागी, पाठारे साक्षीचे आकडे उमटणारी काचेची पाटी हातात घेऊन उभे होते. त्यांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून रस्त्यावर दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. एक, जिथे ब्रेक लागला ती. दुसरी, पंधरा मीटर पुढे, जिथे बाळासो सुतार होते ती. नंदा कडेच्या बाभळीखाली उभी होती.

"मालकांनी चालवायचं," पाठारे म्हणाले. "काटा एकोणपन्नासवर न्या, पहिल्या रेघेवर ब्रेक मारा. मग साक्षीचा आकडा मी पाटीवर घेतो. झालं."

"आणि गाडी कुठं थांबली ते?"

"ते बघायची गरज नसते, मॅडम. ते आकड्यात येतंच."

तिथे मात्र शर्मिष्ठाचा तोल गेला. ती संग्रामकडे वळली. "ऐकलंस? साहेबांचा विश्वास आहे. तुझा पण आहे. काटा पन्नासच्या आत असला की गाडी चौदा मीटरात थांबते. मग जा, त्या दुसऱ्या रेघेवर उभा राहा. तुला काय होणार आहे?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं होतं, तो दोन शिव्या देईल आणि जाऊन झाडाखाली बसेल. संग्रामने तिच्याकडे बघितलं. मग तो चालत गेला आणि दुसऱ्या रेघेवर जाऊन उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून, हात बाजूला सोडून.

"संग्राम, बाजूला हो."

"न्हाई. ये तू."

पाठारे घड्याळ बघत होते. त्यांनी अडवलं नाही. आकड्यावर त्यांचा खरोखरच विश्वास होता.

शर्मिष्ठाने जीप लांब मागे नेली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. काटा पंचेचाळीसवर गेला, एकोणपन्नासवर गेला. संग्राम काचेत मोठा होत होता आणि हलत नव्हता. पहिल्या रेघेवर ब्रेक मारला तर त्याच्यापाशी पोचताना जीपचा वेग किती उरेल, हे गणित तिने काही केलं नाही, ते आपोआपच झालं. पंचवीस. माणूस मारायला पुरे.

रेघ अजून बरीच पुढे असताना तिने ब्रेकवर दोन्ही पाय दाबले.

टायर किंचाळले, रबराचा वास सुटला आणि जीप दुसऱ्या रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबली. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.

"एकोणपन्नास पूर्णांक तीन," पाठारेंनी पाटीवरून वाचलं. त्यांना हायसं वाटलेलं दिसत होतं. "आणि बघा, थांबली की. व्यवस्थित थांबली. निकाल कायम."

नंदा बाभळीखाली मटकन खाली बसली.

"कुठं थांबली?" संग्राम ओरडला. तो रेघेवरच होता. "तिनं आधीच ब्रेक मारला. रेघेच्या आधी. मी समोर हुतो म्हणून. रेघेवर मारला असता तर मी आता खाली असतो, दिसालंय मला. मोठी चाकं हाईत ही, मीच लावलेली. ते दिसेपर्यंत मी काट्याकडं बघालतो. ते हललेसुद्धा न्हाईत. आत्ता मी उभा हुतो तसेच उभे हुते." तो पाठारेंकडे वळला. "माझा जबाब बदला."

पाठारेंचा चेहरा उतरला. "असा बदलता येणार नाही. साक्षीचा आकडा दोनदा तोच आलाय. तिच्याविरुद्धचा जबाब मी लिहिला तर वर तो खोटा ठरवतील. तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

संग्राम जीपपाशी आला, त्याने दार उघडलं आणि बहिणीला हाताला धरून खाली उतरवलं. स्वतः आत बसला. खिडकीतून बाहेर वाकून म्हणाला, "ठीक हाय. एकदा मी चालवतो. काटा एकोणपन्नास, ब्रेक रेघेवर. तुमी त्या रेघेवर उभं ऱ्हावा, साहेब. आकडा तिथनंच घ्या."

जीप मागे गेली. लांब जाऊन वळली आणि तोंड इकडे करून उभी राहिली. इंजिनाचा आवाज वाढला. पाठारे दुसऱ्या रेघेजवळ होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग जीपकडे, मग जीपच्या चाकांकडे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या गाडीची चाकं ते नीट बघत असावेत. आणि मग ते दोन पावलं मागे सरकले. अजून दोन. बूट रस्ता सोडून कडेच्या मातीत आले.

जीप जागची हललीही नव्हती.

नंदा उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "लिवा आता," ती म्हणाली.

पाठारेंनी पाटीवर बोट ठेवलं. मग त्यांनी लिहायला घेतलं. संग्राम इंजिन बंद करून चालत आला आणि एकेक वाक्य सांगत गेला. चाकं कधी लावली, का लावली, कुणाकडून बदलून आणली. नंदाकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती आणि तीही त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष पाटीवर होतं. 'पादचारी जागेवर उभा होता' हे वाक्य आलं तेव्हा तिने पाठारेंना ते दोनदा वाचायला लावलं.

जबाब पुरा झाला. पोलिसांची गाडी येईपर्यंत भाऊ-बहीण रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"ताई," संग्राम म्हणाला, "राग गेला का तुझा?"

"नाही," शर्मिष्ठा म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून उभी राहिली.